कर्कश ब्रेक, मऊ पॅडल

"ब्रेकमधून आवाज येतोय, गाडी चालवू की नको?" हा प्रश्न गॅरेजवाल्याला फोनवर नेहमी विचारला जातो आणि फोनवरून त्याचं खात्रीचं उत्तर कुणालाच देता येत नाही. कारण आवाज किती मोठा आहे यावरून धोका किती मोठा आहे हे कळत नाही. रात्रभर पावसात उभी राहिलेली गाडी सकाळी गल्लीच्या तोंडाशी अशी किंचाळते की रस्त्यावरची माणसं वळून बघतात; तिचे ब्रेक ठणठणीत असू शकतात. उलट घाट उतरताना ज्या गाडीचं ब्रेक ऑइल उकळतं, ती गाडी हूं की चूं करत नाही. पाय दाबावा तर पॅडल नुसतं खाली जातं. म्हणून या प्रकरणात कानाइतकंच पायाकडे लक्ष द्यायचं आहे. उदाहरणाला आपल्या रस्त्यांवर भरपूर दिसणारी गाडी घेऊ: पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, मागच्या चाकांना ड्रम, आणि दिवस पावसाळ्याचे.

ब्रेक गाडीच्या वेगाचं उष्णतेत रूपांतर करतो, एवढंच त्याचं काम. पॅडलवर पाय पडला की मास्टर सिलिंडरमधलं ऑइल बारीक नळ्यांतून चारही चाकांकडे दाब पोचवतं. पुढच्या चाकात कॅलिपरमधला पिस्टन सरकतो आणि चाकाबरोबर फिरणारी बिडाची डिस्क दोन पॅडच्या चिमटीत सापडते. मागच्या चाकात ड्रमच्या आतले दोन शू फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. चार माणसं बसलेली, सगळी मिळून १,२०० किलो भरणारी गाडी ताशी १०० किलोमीटर वेगात असेल, तर तिच्यात सुमारे ४ लाख ६३ हजार ज्यूल ऊर्जा असते. ती थांबवायची म्हणजे यातला बहुतेक भाग काही सेकंदांत डिस्क, पॅड आणि ड्रमच्या अंगात जिरवायचा. वेग ताशी ५० असेल तर हीच ऊर्जा निम्मी नव्हे, एक चतुर्थांश होते. गावात बरे वाटणारे ब्रेक महामार्गावर उघडे पडतात ते यामुळे.

आता आवाजाकडे येऊ. पॅड डिस्कवरून गुळगुळीत सरकत जात नाही. तो क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, आणि हे सेकंदाला हजारो वेळा घडू शकतं. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तेव्हा नेमकं हेच होत असतं. कॅलिपर, पॅड आणि डिस्क यांच्या कंपनांचा मेळ बसला की डिस्क तो सूर दूरवर फेकते. हा त्रास डिस्क ब्रेकइतकाच जुना आहे. इंग्लंडमधले अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा त्यांचे पॅड तांब्याचे होते, आणि धातूवर धातू घासला की काय होतं ते सांगायला नको. पुढं घर्षणाचे पदार्थ सुधारले. १९५३ साली फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जग्वारने डिस्क ब्रेकच्या जोरावर जिंकली आणि नंतरच्या वर्षांत ही रचना सामान्य मोटारींपर्यंत आली. पण सूर पूर्ण गेला नाही. तो दाबण्यासाठी आज पॅडच्या कडा तिरप्या कापतात, मध्ये खाच ठेवतात आणि पॅडच्या पाठीला पातळ शिम लावतात. घाईघाईच्या कामात जुन्या शिमा निघतात आणि परत बसवल्याच जात नाहीत; मग नवे पॅड टाकूनही गाडी ओरडते. असा आवाज कानाला त्रास देतो, पण गाडी थांबण्यात कसूर करत नाही.

पावसाळ्यातल्या सकाळच्या आवाजाचं मूळ वेगळं आहे. बीड फार लवकर गंजतं. एका रात्रीच्या ओलीने डिस्कवर तांबूस पापुद्रा धरतो आणि पहिल्या चार-सहा वेळा ब्रेक लागले की पॅड तो खरवडून काढतात. तेवढा वेळ खरखर किंवा किंचाळी येते, मग गाडी शांत होते. रत्नागिरी, मालवण किंवा पणजीसारख्या ठिकाणी खाऱ्या हवेमुळे हे बाराही महिने चालतं. गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली असेल तर खरखर थोडी लांबते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटारच करते, त्यामुळे त्यांच्या डिस्क कमी घासल्या जातात आणि गंजाला जास्त वाव मिळतो. अशा गाडीच्या मालकाने अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर ब्रेक नीट दाबून डिस्क साफ करत राहावं. पावसात हँडब्रेक ओढून ठेवलेली गाडी सकाळी हलवताना मागून "धाड" असा आवाज येतो, तो ड्रमला चिकटलेले शू सुटल्याचा. सपाट जागा असेल तर अशा रात्री गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावलेला बरा.

पहिली कसोटी यातूनच मिळते. आवाज पहिल्या एक-दोन किलोमीटरमध्ये विरतो का? विरत असेल, रोज असाच येऊन जात असेल आणि पॅडल नेहमीसारखं असेल, तर गाडी खुशाल चालवावी.

दुसरी कसोटी: आवाज ब्रेक लावल्यावर येतो, की ब्रेक न लावताही येतो? कच्च्या रस्त्यावरून किंवा नव्या खडीवरून आल्यावर अचानक पत्रा कापल्यासारखा आवाज सुरू झाला आणि ब्रेक दाबा न दाबा तो चालूच राहिला, तर बहुधा डिस्क आणि तिच्यामागचं पत्र्याचं झाकण यांच्या फटीत खडा अडकलेला असतो. ऐकणाऱ्याला वाटतं चाकच निखळतंय. मोकळ्या जागी गाडी हळू चार-पाच मीटर मागे घेतली की तो पुष्कळदा गळून पडतो; नाही पडला तर कुठलाही टायरवाला जॅक लावून काढून देईल. वेगाबरोबर चढत जाणारी, वळणावर कमी-जास्त होणारी घूं-घूं चाकाच्या बेअरिंगची असू शकते. ती ब्रेकची नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगीही नाही.

ज्या आवाजाबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत तो मात्र पॅडच्या झिजेचा. नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण १० मिलिमीटर असतो. बऱ्याच गाड्यांत पॅडच्या लोखंडी पाठीला पोलादाची छोटी पट्टी बसवलेली असते. थर झिजून दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती पट्टी डिस्कला टेकते आणि बारीक, सलग, टोकदार आवाज करते. काही गाड्यांत हा आवाज ब्रेक न लावता येतो आणि ब्रेक दाबल्यावर बंद होतो, म्हणून मालक म्हणतो, "ब्रेक लावल्यावर तर काही आवाज नाही, मग ब्रेक चांगलेच असणार." तसं नाही. कारखान्याने मुद्दाम ठेवलेली ही सूचना आहे: पॅड संपत आले, बदला. ब्रेक अजून पूर्ण ताकदीने लागत असतात. गॅरेजपर्यंत जाणं, दोन-तीन दिवस शहरात जपून चालवणं चालतं. लांबचा प्रवास, भरलेली गाडी आणि घाट मात्र पॅड बदलल्यानंतरच.

या आवाजाबाबत एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. तो काही दिवसांनी आपोआप थांबला तर आनंद मानू नये. ती पट्टी वाकते, झिजते, कधी तुटून पडते, आणि सूचना देणारं काही उरत नाही. मधला काळ शांततेत जातो आणि मग एक दिवस खालून जाडसर, दगडावर लोखंड घासल्यासारखी घरघर सुरू होते. पॅडलमधून ती तळपायालाही जाणवते. आता पॅडवर काही उरलेलं नाही. पॅडची लोखंडी पाठ थेट डिस्कला घासते आहे.

इथं माझं मत अगदी स्पष्ट आहे. ही घरघर ऐकू आल्यावर गाडी चालवू नये; "घर दोनच किलोमीटरवर आहे" हेही कारण नको. डिस्क खराब होऊन खर्च वाढतो, ते तर आहेच. खरी भीती वेगळी आहे. लोखंडावर लोखंडाची पकड भरवशाची नसते आणि गाडी थांबायला नेहमीपेक्षा जास्त अंतर लागतं. घर्षणाचा थर उष्णता अडवतो. तो गेल्यावर ती थेट पिस्टनपर्यंत आणि तिथून ऑइलपर्यंत पोचते. पॅड आणि डिस्क दोन्ही पातळ झाल्याने पिस्टनला हद्दीबाहेर सरकावं लागतं, सील गळू शकतं, आणि सील गळालं तर दाबच राहत नाही. टोइंगचे पैसे मोजून गाडी गॅरेजला न्यावी, किंवा मेकॅनिकला पॅड घेऊन जागेवर बोलवावं.

मागचे ड्रम याहून अबोल असतात. तिथल्या शूंना बहुतेक वेळा अशी सूचना देणारी पट्टी नसते, आणि ड्रम बंद असल्याने बाहेरून काही दिसतही नाही. हँडब्रेक पूर्वीपेक्षा बराच जास्त वर ओढावा लागतो, पॅडल पूर्वीपेक्षा खोल जातं, या खुणांवरून झीज ओळखायची. मागच्या टायरच्या आतल्या बाजूला ओलसर ओघळ दिसला तर ड्रममधला व्हील सिलिंडर गळत असण्याची शक्यता मोठी, आणि तेव्हा गाडी हलवायची नाही. आवाज पुढून येतो की मागून हे कळत नसेल तर निर्मनुष्य सपाट जागी, चालण्याच्या वेगात, हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हलकेच ओढून बघावा. तारेचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. तेव्हा आवाज आला तर मूळ मागे आहे.

आवाजाबरोबर आणखी काय होतंय, ते बघणं जास्त महत्त्वाचं. ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर कॅलिपर किंवा त्याच्या सरकत्या पिना अडकल्या असाव्यात. वीस मिनिटं चालवून थांबल्यावर चारही चाकांजवळ, डिस्कला हात न लावता, नुसता तळहात धरून बघा. एकच चाक तापलेलं आणि करपल्याचा वास असेल तर ते चाक सतत ब्रेक धरून फिरतं आहे. तशी गाडी पुढं नेऊ नये. ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरत असेल तर डिस्कची जाडी कमी-जास्त झालेली असू शकते. लवकर दाखवायला हवं, पण त्याच क्षणी धोका नाही. पॅडलजवळ "फिस्स" असा आवाज येऊन पॅडल दगडासारखं घट्ट झालं, तर पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्यूम बूस्टर फाटला असण्याची शंका घ्यावी. एसटीच्या बसमधला ब्रेकचा फुस्कारा वेगळा. तिथं हवेच्या दाबावरच ब्रेक चालतात आणि हवा सुटणं हा कामाचा भाग आहे.

एका आवाजाने मात्र उगाच घाबरू नये. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की पॅडलखाली करकर होते, पाय थरथरतो. ती एबीएस यंत्रणा. चाक अडकून घसरू नये म्हणून ती ऑइलचा दाब झपाट्याने कमी-जास्त करते. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक झालं, तरी या थरथरीला घाबरून पाय उचलणारे चालक अजून भेटतात. पाय उचलायचा नाही, दाबून धरायचा.

आता पॅडलची परीक्षा. हिला हत्यार लागत नाही. गाडी उभी, इंजिन बंद. पॅडल चार-पाच वेळा दाबून सोडा. ते घट्ट होत जाईल, कारण बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो. मग घट्ट दाबून अर्धा मिनिट धरून ठेवा. ते पायाखालून हळूहळू खाली सरकत गेलं, तर कुठेतरी ऑइल गळतंय किंवा मास्टर सिलिंडरचं सील गेलंय. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पॅडल किंचित खाली बसलं तर बूस्टर काम करतोय. नंतर बॉनेट उघडून ऑइलच्या डबीवरच्या 'मिन' आणि 'मॅक्स' रेषा बघा. पॅड झिजतात तशी पातळी थोडी उतरते, ते साहजिक आहे. पण ती फार खाली गेली असेल तर नुसती वरून भर घालून समाधान मानू नये. खाली का गेलं ते शोधावं. डॅशबोर्डवरचा लाल ब्रेक दिवा हँडब्रेक सोडूनही तेवत असेल तर गाडी काढायची नाही. पिवळा एबीएस दिवा एकटाच असेल तर साधे ब्रेक लागतात, फक्त चाक न अडकण्याची सोय गेलेली असते. मंद वेगात गॅरेज गाठता येतं.

मऊ, स्पंजासारखं लागणारं पॅडल, दुसऱ्यांदा दाबल्यावरच धरणारं पॅडल, तळाला जाणारं पॅडल: यातलं एकही असेल तर आवाज असो वा नसो, गाडी जागची हलू नये. नळ्यांत हवा शिरली आहे, ऑइल गळतं आहे किंवा ते जुनं होऊन पाणी शोषून बसलं आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि आपल्या पावसाळ्यात तिला तोटा नाही. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये असा दंडक आहे; त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. उकळलं की नळ्यांत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पायाचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यातच जातो. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलावं, गाडी कमी चालली असली तरी.

खंडाळ्याचा घाट घेऊ. लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण ६२० मीटरवर, खोपोली ६० मीटरच्या आसपास. आपली १,२०० किलोची गाडी साडेपाचशे मीटर उतरते तेव्हा सुमारे ६५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ताशी १०० किलोमीटर वेगातून गाडी १४ वेळा पूर्ण थांबवण्याइतकी ही ऊर्जा आहे. तेवढ्यात ३० अंशांवरचं २२ लिटर पाणी उकळीला येईल. हवेचा विरोध आणि टायर त्यातली काही खातात. उरलेल्यातला मोठा वाटा इंजिनने घ्यावा म्हणून घाट खालच्या गिअरमध्ये उतरायचा असतो. पेट्रोल वाचेल म्हणून न्यूट्रल करणाऱ्याचा सगळा भार ब्रेकवर येतो. शिवाय इंजिनच बंद केलं तर दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर बूस्टरची मदतही जाते. वाचत काहीच नाही, कारण आजच्या इंजेक्शनच्या इंजिनांत गिअरमध्ये उतरताना, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पेट्रोलचा पुरवठा तसाही तोडला जातो. उतारावर ब्रेक लागेनासे झालेच, तर पॅडल भराभर पंप करावं, एकेक करत गिअर खाली आणावा, हँडब्रेक झटक्याने न ओढता हळूहळू घ्यावा आणि इंजिन चालूच ठेवावं.

आज गाडी काढायची की नाही, हे एवढ्यावरून ठरवता येतं. पॅडल घट्ट आहे, लाल दिवा नाही, गाडी सरळ थांबते, आणि आवाज सकाळपुरता आहे: निघावं. पॅडल ठीक, पण बारीक सलग सूर दिवसभर येतो: शहरातल्या शहरात, मंद वेगाने, गॅरेजकडे. लोणावळ्याला असा सूर ऐकू आला आणि संध्याकाळी खाली उतरायचं असेल, तर उतरण्याआधी पॅड बघून घ्यावेत. कुटुंब ताटकळलं तरी चालेल. घरघर, ओढणं, करपल्याचा वास, गळती, मऊ पॅडल: गाडी जागीच. साचलेल्या पाण्यातून आल्यावर ब्रेक कमी लागत असतील तर मंद वेगात पॅडल हलकं दाबून थोडं अंतर चालावं, ते सुकतात. सुकूनही जोर आला नाही तर थांबावं.

गॅरेजमध्ये चाक काढून दोन्ही पॅड दाखवायला सांगा. चाकाच्या फटीतून फक्त बाहेरचा पॅड दिसतो. पिना अडकल्या की एक पॅड दुसऱ्याच्या कितीतरी आधी संपतो, आणि तो आतला असला तर बाहेरून कळत नाही. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. लेथवर फिरवून ती त्याखाली जाणार असेल तर डिस्कच बदलावी. पॅड एका चाकाचे बदलून भागत नाही, समोरासमोरच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे. आवाज जावा म्हणून कुणी डिस्कवर ऑइल किंवा गंज सोडवणारा स्प्रे मारायला निघालं तर हात धरावा. खास ग्रीस लागतं ते सरकत्या पिनांना आणि पॅडच्या पाठीला, घासणाऱ्या पृष्ठभागाला कधीच नाही.

पॅड बदलताना पिस्टन मागे ढकललेला असतो. म्हणून गाडी ताब्यात घेताच, जागची हलवण्यापूर्वी पॅडल घट्ट लागेपर्यंत पाच-सात वेळा दाबावं. नाहीतर गॅरेजच्या दारातच पहिला ब्रेक रिकामा जाईल. त्यानंतरचे दोन-तीनशे किलोमीटर विनाकारण कचकन ब्रेक लावू नये आणि पुढच्या गाडीपासून थोडं जास्त अंतर ठेवावं. नवे पॅड डिस्कवर बसायला तेवढा वेळ घेतात, आणि त्या दिवसांत थोडी खसखस आली तर ती अपेक्षितच आहे.